माहूज ते फ्रान्स, सकाळी सहाची फेरी

त्या उन्हाळ्यात माझे वडील रोज सकाळी सहा वाजता फ्रान्सला निघायचे आणि पावणेसातपर्यंत परत यायचे. अंगात बनियन, खाली पट्ट्यांचा लेंगा, खांद्यावर पंचा. बहारीनच्या माहूज भागात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. त्याच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर व्यायामाची सायकल होती, जागच्या जागी पेडल मारायची. टीव्हीवर फ्रान्समधला रस्ता सुरू व्हायचा आणि बाबा पेडल मारायला लागायचे.

सायकल माझ्या नवऱ्याची. रस्ताही त्याचाच म्हणायला हवा. तो पुण्याचा, अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर इंजिनिअर. शुक्रवारी पहाटे त्याची सायकलवाली मंडळी निघतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. इथे मोकळा रस्ता हवा तर पहाटच गाठावी लागते, नाहीतर मोठाल्या गाड्या कानाजवळून सुटतात. म्हणूनच की काय, त्याला पाच-सहा वर्षं फ्रान्सचं वेड लागलं होतं. तिथे म्हणे लांबच लांब असे रस्ते आहेत, ज्यांवर मोटारींना मज्जाव आहे. काही कालव्याच्या काठाने जातात, जिथून पूर्वी घोडे होड्या ओढत नेत. काही बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून केलेत. सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावायच्या आणि खेड्याखेड्यांतून रमतगमत जायचं. फ्रिजवर नकाशा लागला होता, रजा मंजूर होती, दोघांचा व्हिसाही आला होता. मी सायकलवर बेताचीच, पण कालव्याकाठी चढ नसतो असं त्याने मला पटवलं होतं.

मे महिन्यात बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सगळी रजा कोल्हापूरच्या हॉस्पिटलात गेली. नवरा त्यावर एक अक्षर बोलला नाही. पुण्याचा माणूस एक अक्षर बोलला नाही, यावरून काय ते समजा.

बाबा बत्तीस वर्षं सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी एकटेच राहायचे. घर रस्त्यापासून वर, बेचाळीस पायऱ्या चढून. चिऱ्याच्या पायऱ्या, एकेक अशी उंच की धडधाकट माणसालाही गुडघ्यावर हात टेकावा लागतो. पावसात त्यांवर शेवाळ धरतं. नवा गुडघा घेऊन तिथे पावसाळा काढणं म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं आणि व्हिजिट व्हिसावर इकडे घेऊन आले. आमचा मुलगा आदल्या वर्षी भारतात कॉलेजला गेला होता, त्याची खोली रिकामीच होती.

ते सुखासुखी आले नाहीत. "चेडवाच्या घराक पाणी पिवक जावचा, रवाक न्हय," हे त्यांचं ठरलेलं. म्हणजे मुलीच्या घरी पाण्यापुरतं जावं, मुक्कामाला नाही. मग आमच्यात तोंडी करार झाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या पायऱ्या नीट चढायच्या तर गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकला पाहिजे. तेवढा वाकला की बाबा गावी. नाही वाकला, तर गावच्या घराला कुलूप आणि बाबा कायमचे बहारीनला. दोघांनीही मान डोलावली. मी मनातल्या मनात कुलूप विकत घेऊन ठेवलं होतं.

इथे व्यायामासाठी आम्ही हमद टाउनमध्ये एका केरळच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायचो, दर रविवारी. हमद टाउन म्हणजे एकामागून एक राउंडअबाउट. पत्तासुद्धा तिथे अमक्या नंबरच्या राउंडअबाउटजवळ असाच सांगतात. बाबा शेजारच्या सीटवर बसून मोजायचे आणि मी वेग कमी केला नाही की डावा हात डॅशबोर्डवर ठेवायचे. बोलायचे नाहीत, नुसता हात ठेवायचे. त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं.

फिजिओ बाईंनी पहिल्याच दिवशी सायकल सुचवली. सायकलच्या सीटच्या दांड्याला नऊ भोकं होती, खालून वर नंबर घातलेले. भोकात खीळ घालायची की सीट त्या उंचीवर बसते. सीट उंच असली की गुडघा कमी वाकतो, खाली घेतली की जास्त. "आठ नंबर से शुरू करो. हर हफ्ते एक होल नीचे," बाई म्हणाल्या. "अंकल, दर्द होगा. लेकिन यही चार महीने हैं. बाद में घुटना जिद्दी हो जाता है." दुखेल, पण हेच चार महिने. दांडा भिंतीच्या बाजूला आणि बाबांना वाकता येत नव्हतं, म्हणून खीळ माझ्या ताब्यात आली.

पहिल्या दिवशी नवऱ्याने टीव्हीवर त्याचा आवडता व्हिडिओ लावून दिला. कुणा एका माणसाने सायकलच्या हँडलला कॅमेरा लावून बर्गंडी भागातला अख्खा प्रवास टिपला होता. तो काही बोलत नाही. फक्त चाकाखालची खडी वाजते, पक्षी ओरडतात, मधूनच त्याचा दम ऐकू येतो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, एका अंगाला कालव्याचं हिरवं पाणी, पाणी चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेले दरवाजे आणि प्रत्येक दरवाजापाशी राखणदाराचं कौलारू घर. शेतात पांढऱ्याशुभ्र गाई. रस्ता कुठे डांबरी सडकेला आडवा आला तर मध्ये लाकडी खांब रोवलेले, म्हणजे मोटारीने वळायचं नाव नको.

मी म्हटलं, "चला, सुरू करा."

बाबा हलेनात. दोन्ही हात हँडलवर ठेवून समोर बघत बसले.

"काय झालं? दुखतंय?"

"बेल खंय?" ते म्हणाले.

मला कळायला एक मिनिट लागलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय ज्या माणसाने बत्तीस वर्षं गाडी जागची हलवली नाही, तो माझ्या 'चला'वर कसा निघेल? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा आणला. दोनदा वाजवला. बाबा फ्रान्सला निघाले.

मग तो नेमच झाला. नवऱ्याने डायरी दिली होती तिच्यात ते सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि "रस्ता कोरडा, दृश्यमानता चांगली" असलं काहीबाही लिहायचे. समोरून कुणी सायकलवाला आला आणि 'बोंझूर' म्हणाला की हे हात वर करून "राम राम" म्हणायचे. वळण आलं की त्या बाजूला झुकायचे आणि मी खेकसायची, "बाबा, पडाल!" माझ्या नवऱ्याला हे सगळं फार आवडायचं. तो रात्रपाळी करून आला की बूट न काढता सोफ्यावर बसून दहा मिनिटं बघायचा. "बाबा, आज कुठवर?" "कालवो संपलो, आता डोंगराकडे जातंय," बाबा सांगायचे. ज्याने सहा वर्षं नकाशा पाठ केला, त्याच्याआधी सासरे फ्रान्समध्ये पोचले होते, आणि तो बिचारा त्यांना वाट दाखवत होता.

बाबांना तो रस्ता आवडला होता की नाही, हे मात्र मला पटकन समजेना. एकदा एक गाव लागलं. दगडी घरं, खिडक्यांतून लाल फुलं, चर्चचा टोकदार मनोरा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी चहा घेऊन उभी होते. म्हटलं, "किती शांत आहे ना?"

"खिडकेक फळये मारलेत," बाबा म्हणाले. "हयसर कोण रवत नाय."

मी नीट पाहिलं. खरंच, दहातल्या सहा खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद होत्या. इतके दिवस मी फुलंच बघत होते.

त्यानंतर काही दिवसांनी रस्ता जुन्या रेल्वेच्या वाटेवर आला. एक छोटं स्टेशन लागलं. फलाट होता, छप्पर होतं, भिंतीवर गावाचं नाव होतं, आणि रुळांच्या जागी गुळगुळीत डांबराची पट्टी. बाबांनी पेडल थांबवलं. दोन पोरी फलाटावर बसून सँडविच खात होत्या.

"ह्या ठेसन न्हय?"

"होतं. आता रेल्वे बंद झाली. सायकलींसाठी रस्ता केलाय."

बाबांनी फलाटाकडे बोट केलं. मग म्हणाले, "आदी दिसाक चार गाडये असतले. मगे दोन केल्यानी. मगे येक. मगे माणूस नाय म्हणान तीव बंद. आता तुझो घोव हयसर हवा खावक जातलो."

घोव म्हणजे नवरा. नवरा सोफ्यावर बसून खुदकन हसला. मला हसू आलं नाही, कारण ते कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत होतं.

आमच्या गावात वस्तीची गाडी येते. संध्याकाळची शेवटची गाडी गावातच मुक्काम करते आणि सकाळी सहाला तालुक्याला सुटते. कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, सगळी त्याच गाडीने जातात. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. निवृत्त झाल्यापासून त्यांचं जेवण आणि सकाळची अंघोळीची गरम पाण्याची बादली बाबांकडे असायची. कुणी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांत गावोगावी लोकांनी त्यांना वाढलं होतं, ते हे आपल्या गावात फेडत होते. त्यामुळे आमच्या गावाची ड्युटी लागली की डेपोतली माणसं कुरकुर करत नसत. बाबा इकडे आल्यापासून पाणी तापवणारं कुणी राहिलं नाही. वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ बंद, उरलेल्या पाचांत सगळे बाबांहून म्हातारे. महिन्याभरात गाडी पुढच्या मोठ्या गावात मुक्काम करू लागली. तात्पुरतं, असं डेपोवाले म्हणाले. शेजारचे काका दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "कधी येतस? दिवाळीपर्यंत नाय इलस तर गाडी कायमची गेली म्हणान समज."

म्हणजे बाबांचा गुडघा एकट्या बाबांचा नव्हता. हे मला कळत होतं. कळत नव्हतं अशी सबब मला नाही.

तरीही मी ते केलं.

आठ, मग सात, मग सहा. सहाव्या भोकावर बाबांना त्रास होऊ लागला. पेडल वर आलं की गुडघा अडायचा, ते दात आवळायचे आणि एक हात मांडीवर दाबून पाय पुढे ढकलायचे. कपाळावर एसीतसुद्धा घाम यायचा. "पुरे करा," मी म्हणायची. ते डोकं हलवायचे. एका सकाळी त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्याआधी उठून मी खीळ काढली आणि सातव्या भोकात घातली. फक्त आजच्या दिवस, असं स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी बाबा सहज गेले. कालवा, गाई, राम राम, सगळं झालं. उतरल्यावर ते डायरीत लिहीत बसले आणि मी पोहे परतत होते, आणि घर भरल्यासारखं वाटलं. मुलगा गेल्यापासून नवऱ्याच्या शिफ्टच्या दिवसांत मी एकटी असायची. ऑफिसातून येऊन दार उघडलं की फ्रिजची घरघर तेवढी. आता दार उघडलं की देवापाशी दिवा लागलेला असायचा, कुकरमध्ये भात लावलेला असायचा, बाबा खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, कोथिंबीर घेऊन आलेले असायचे आणि दुकानदाराशी मोडक्या हिंदीत काय बोलणं झालं ते सांगायला टपलेले असायचे. मला ते घरात हवे होते. इतकं साधं होतं ते. पण आमच्याकडे असं कुणी कुणाला तोंडाने म्हणत नाही. आम्ही 'जेवलंस?' म्हणतो.

दुसऱ्या दिवशीही खीळ सातवरच राहिली. तिसऱ्याही दिवशी. दयेने सुरू झालेलं सोयीने चालू राहिलं.

रविवारी बाईंनी कोन मोजला. पंच्याण्णव अंश, गेल्या आठवड्याएवढाच. "होल कितना है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाँच." पुढच्या रविवारी पुन्हा पंच्याण्णव. मी म्हटलं, "चार." त्या कागदावर लिहीत होत्या आणि बाबा टेबलावर उताणे पडून छताकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं, तसं मला वाटायचं की बाईंना माझ्या चेहऱ्यावर सात आकडा दिसतोय. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी मलाच धीर दिला, "चिंता मत करो, होता है कभी कभी."

घरी नवरा बाबांना फॅमिली व्हिसावर घेता येईल का, याची चौकशी करू लागला होता. त्याला काही माहीत नव्हतं. बाबांना एकदा मीच म्हटलं, "नाहीच वाकला तर काय, इथे काय वाईट आहे?" बाबा म्हणाले, "वायट काय नाय." आणि पेपर वाचू लागले.

चौथ्या रविवारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे बरोबर दिसत नाही. सीट इतकी खाली घेऊनही गुडघा जिथे होता तिथेच असेल तर आत काहीतरी घट्ट धरलं गेलंय. असंच राहिलं तर हॉस्पिटलात नेऊन, बेशुद्ध करून, डॉक्टरला जोर लावून तो वाकवावा लागेल. या वयात ते नको, पण दुसरा इलाज नसेल. "दो हफ्ते देखते हैं," म्हणाल्या.

गाडीत बसलो. दुपारचे साडेचार वाजले होते, बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लाववेना. मी पहिल्या राउंडअबाउटला शिरले आणि बाहेर पडायचा रस्ता चुकले. पुन्हा फिरले, पुन्हा चुकले. मागून कुणीतरी हॉर्न दिला. बाबांनी या वेळी डॅशबोर्डवर हात ठेवला नाही.

"सीट वर आसा," ते समोर बघत म्हणाले.

मी गाडी चालवत राहिले. तिसऱ्या फेरीला कसाबसा रस्ता सापडला आणि एका कोल्ड स्टोअरसमोरच्या सावलीत मी गाडी थांबवली. एसी चालू ठेवला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी शेवटी विचारलं.

"पयल्याच दिसापासून. बत्तीस वर्सां रोज येगळी गाडी, येगळी सीट. बोटभर वर-खाली झाली तरी माका कमरेत कळता." ते अजूनही समोरच बघत होते. रागावलेले नव्हते, म्हणून तर जास्त वाईट होतं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि बरं झालं असतं.

"मग बोललात का नाही?"

"तू बोलतलंस म्हणान वाट बघी होतंय."

"मी काय बोलणार?"

"कित्याक करतंस ता." का करतेस ते, एवढंच.

दुकानातून एक बाई दोन पिशव्या घेऊन आली, गाडीत बसली, निघून गेली. तेवढा वेळ आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मला सांगायचं होतं की तुमचं दुखणं बघवलं नाही. ते निम्मं खरं होतं, आणि त्या माणसासमोर निम्मं सांगायची सोय नव्हती.

"मला वाटत होतं तुम्ही इथेच राहावं," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला स्वतःचाच राग आला. "चार आठवडे फुकट घालवले मी तुमचे."

"तू येकल्यान न्हय. मीव घालवलंय," बाबा म्हणाले. "माका वाटला, म्हणतली. आज म्हणतली, उद्या म्हणतली. तोंडान 'रवा' म्हटलं असतंस, तर मी इचार केलो असतो."

"आता म्हणते. राहा."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "आता गुडग्याचा बघूया," ते म्हणाले. "चल, यल्ला." हा शब्द ते आमच्या इमारतीच्या वॉचमनकडून शिकले होते.

त्या संध्याकाळी मी फिजिओ बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या. ते कौतुक नसावं. मग हिंदीत म्हणाल्या, उद्या सहावर, तीन दिवसांनी पाचवर, आणि दिवसातून दोनदा.

पुढचे पाच आठवडे फ्रान्समध्ये मजा नव्हती. सकाळी सहाला एक फेरी, संध्याकाळी सहाला दुसरी. पी हळद अन् हो गोरी असं ते काम नव्हतं, आणि वेळ तर आम्ही उधळून बसलो होतो. बाबांचे दात आवळलेले, माझा हात त्यांच्या पाठीवर, समोर पांढऱ्या गाई निवांत चरतायत. पाचव्या भोकावर त्यांनी एकदा मला शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, द्या अजून. नवरा रात्रपाळीनंतर झोपायचं सोडून त्यांच्या गुडघ्याला बर्फ लावत बसायचा. त्याला मी सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मीही राहा म्हटलं असतं की त्यांना." हे असं बाकी सगळ्यांना म्हणता येत होतं. नव्व्याण्णव झाले. मग एकशे दोन. सप्टेंबरच्या शेवटी एकशे चार, आणि तिथे गुडघा थांबला. हॉस्पिटलची गरज नाही म्हणाल्या बाई, चालेल एवढं. पण एकशे दहा नाही. त्यांनी आकडा कागदावर लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

कराराप्रमाणे बाबा इथेच राहायला हवे होते. हे मी बोलले नाही. त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढायला सांगितलं आणि नवऱ्याने मुकाट्याने काढलं.

ते सहा अंश कुठे गेले ते मला माहीत आहे. बाबा आता चौदाव्या पायरीवर एकदा आणि तिसाव्या पायरीवर एकदा बसतात. उजवा पाय आधी, डावा त्याच्याशेजारी, मग पुन्हा उजवा. काकांनी फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत ते दिसतं. गाडी मात्र परत मुक्कामाला येऊ लागली आहे. बादली वरून खाली त्यांना नेता येत नाही, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरच वर येऊन त्यांच्या पडवीत अंघोळ करतात. त्यातला एक तरुण कंडक्टर त्यांना दर वेळी हात धरून खाली आणतो म्हणे, सकाळची गाडी सुटताना बघायला. नवऱ्याने नव्या वर्षासाठी पुन्हा रजा टाकली आहे. पण मी त्या रस्त्यावर मोकळ्या मनाने सायकल चालवू शकेन की बंद खिडक्याच मोजत बसेन, सांगता येत नाही.

त्या दिवशी विमानतळावर आम्ही वेळेच्या खूप आधी पोचलो होतो. बाबांना व्हीलचेअर नको होती. नवरा बॅगा सोडायला रांगेत उभा होता आणि आम्ही दोघं खांबाशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. त्यांनी डाव्या पायाखाली हँडबॅग ठेवली होती. मी बारीकसारीक सूचना देत होते. गोळ्या या खणात, पाणी पीत राहा, मुंबईला उतरल्यावर फोन. ते हो हो म्हणत होते. मग सूचना संपल्या.

"बाबा," मी म्हटलं, "जाव नकात. माका तुमी घरात व्हये."

किती वर्षांनी मी त्यांच्याशी आमच्या बोलीत बोलले होते, ते मलाही आठवेना. उपयोग नव्हता. बोर्डिंग पास नवऱ्याच्या हातात आला होता, तो लांबून आमच्याकडेच येत होता.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. गिअर धरून धरून तळव्याला पडलेला घट्टा अजून तसाच आहे.

"ह्या आयकाक दोन म्हयने पेडल मारलंय," ते म्हणाले. "उशीर केलंस गो."

मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, डावा पाय सावकाश जवळ घेतला, आणि मी दंड धरायच्या आत स्वतःच उभे राहिले.